गल्लीच्या तोंडाशी अँबॅसिडर

आमच्या गल्लीत गाड्या बऱ्याच आहेत आणि बाहेर पडायला तोंड एकच. महाडच्या बाजारपेठेमागच्या या भागात पावसाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळी पाणी चढतंच, म्हणून आषाढ लागायच्या आत गाड्या कुठल्या क्रमाने उभ्या करायच्या ते गल्ली एकत्र बसून ठरवते. पाण्याचा भोंगा झाला की तोंडाशी असलेली गाडी आधी निघते, मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची, आणि सगळ्या हायवेच्या चढावर जाऊन उभ्या राहतात. ज्या गाडीला सुरू व्हायला वेळ लागतो ती पुढे, असा नियम आहे. म्हणजे तिच्या मालकाला ओट्यावरून उतरून सरळ कामाला लागता येतं. ऐकायला शहाणपणाचा नियम. या नियमाने गेली काही वर्षं सगळ्यात पुढे आमची अँबॅसिडर असते, आणि ती हलेपर्यंत मागचं कोणी हलू शकत नाही.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर, किती उरली, कधी मागवायची, हे माझं रोजचं काम. घरीही तसंच. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली असते: पाणी आलं तर काय आधी वर न्यायचं. कागदपत्रं, गॅस, गाद्या, मिक्सर. यादीच्या वर, नंबर न घालता, यजमानांनी स्वतःच्या अक्षरात एक शब्द लिहिला आहे: गाडी.

ही गाडी त्यांना पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका गोठ्यात मिळाली. माझी नणंद तिकडेच दिली आहे. तिच्या शेजाऱ्याने गाडीवर भाताचा पेंढा रचून ठेवला होता आणि कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालत होत्या. यजमान तेव्हा नुकतेच कंपनीच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झाले होते. गाडी ट्रकवर घालून घरी आणली आणि त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट जाहीर केली. हिच्यात एकही वस्तू अशी बसवायची नाही जी कारखान्यातून निघताना तिच्यात नव्हती. किंवा निदान तशाच दुसऱ्या गाडीत नव्हती.

लोकांना वाटतं जुनी गाडी नीट करणं म्हणजे रंग देऊन चकचकीत करणं. तसं नसतं. मूळ रंग कोणता हे शोधायलाच महिना गेला. शेवटी डिकीच्या झाकणाच्या आत, जिथे ऊन कधी पोहोचलंच नव्हतं, तिथे तळहाताएवढा फिकट निळा रंग सापडला आणि त्यावरून बाकीचा जुळवला. मागच्या दिव्याची लाल काच मुंबईच्या भंगारबाजारातून मिळेपर्यंत त्या भोकावर पुठ्ठा लावून ठेवला होता; नवी, हुबेहूब काच दुकानात मिळत असताना. खोललेला प्रत्येक स्क्रू मी औषधाच्या रिकाम्या डबीत घालत होते आणि डबीवर चिठ्ठी लावत होते. एकही हरवला नाही. त्या गाडीत अर्धा हात माझाही आहे. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक वाकून वाकून बघत होते आणि एकाने मान वर करून म्हटलं, "अहो, हिचा तर सेल्फसुद्धा मूळचा आहे." तेव्हा मीही यजमानांएवढीच ताठ उभी होते.

तोच सेल्फ आता आमच्या गळ्यात आहे. म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरवणारी मोटर. दोनदा वाइंडिंग करून घेतलं, तरी ती म्हातारी मोटर बॅटरीतला सगळा करंट खाते आणि ठिणगीला काही उरत नाही. उन्हाळ्यात कशीबशी गाडी सुरू होते. पावसाळ्यात नाही. मग हँडल. गाडीच्या पुढच्या बाजूला, बंपरखाली एक भोक असतं, त्यात वाकडं लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचं. जोर एकदम लावायचा आणि इंजिन उलटं फिरलं तर हात सोडायचा, नाहीतर मनगट जातं. यजमान ते वर्षानुवर्षं करत होते. मग त्यांच्या छातीत दुखलं, पुण्याला नेलं, दोन स्टेंट बसले, आणि डॉक्टरांनी काय काय करायचं नाही ते सांगितलं. मी विचारलं, "आणि गाडीला हँडल मारणं?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "अजिबात नाही."

तेव्हापासून हँडल मी मारते. यजमान आत बसतात, चोक ओढतात, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतात आणि मला काचेतून सूचना देतात. खरं सांगायचं तर मला ते जमतं. इंजिन पकडतं तेव्हा हाताला जो हिसका बसतो, तो मला आवडतो. पण ते आवडणं वेगळं, आणि ज्येष्ठ ते भाद्रपद महाडच्या बाहेर एक रात्र न काढता येणं वेगळं. पाचाडला मामेबहिणीकडे लग्न होतं तर मी अक्षता टाकून दुपारीच परत. सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर ऑफिसच्या बायका गेल्या तेव्हा मी आभाळ बघून नाही म्हटलं. कारण उघड होतं. मी नसताना भोंगा झाला, तर मागे सगळी गल्ली अडलेली असणार आणि यजमान स्वतः हँडल हातात घेणार. ते घेणार नाहीत असं ते कधीच म्हणाले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "बघू तेव्हाचं तेव्हा."

यंदा मुलीला दिवस होते. ती पुण्यात असते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तारीख निघाली श्रावणातली. तिने फोनवर सरळ विचारलं, "आई, मी तिथे येऊन अडकायचं, की तू इथे येऊन सुटायचंस?"

"मी येते," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"सव्वा महिना. रजा साठवली आहे."

"आणि बाबा? आणि ती?"

ती म्हणजे गाडी. आमच्या घरात मुलीच्या लहानपणी गाडी नव्हती, आणि मोठेपणी ही आली तर सगळं हिच्याभोवतीच फिरायला लागलं, म्हणून तिला या गाडीचा थोडा रागच आहे.

मी कागद घेतला आणि गाडीचं काय करता येईल ते लिहून काढलं. मग एकेक मुद्दा चहाच्या वेळी यजमानांपुढे ठेवला.

"सेल्फ नवा बसवू. जुना तेलात घालून जपून ठेवू. दिवाळीनंतर परत लावा."

"एकदा काढला की तो निघालेलाच."

"गाडी गल्लीच्या आतल्या टोकाला लावू. मग कोणी अडत नाही."

"म्हणजे सगळ्यात शेवटी. म्हणजे बुडवायची."

"पोलादपूरला ताईंकडे ठेवू."

"गेल्या वर्षी तिच्या वाटेवर दरड आली ते विसरलीस? आणि तिथे उंदीर आहेत. जुन्या वायरिंगवर कापडाचं वेष्टण असतं, उंदरांना ते आवडतं."

"मग मागच्या टेम्पोवाल्याला हँडल मारायला शिकवू."

टेम्पोवाला आमच्या मागेच टेम्पो लावतो, पाव-बिस्किटं गावोगाव पोचवतो. अंगाने दणकट माणूस. यजमानांनी कप खाली ठेवला. "तो चोक ओढून ठेवतो आणि विसरतो. त्याच्या टेम्पोचं इंजिन दोनदा उतरवलंय. त्याच्या हातात मी ही गाडी देणार?"

"मग मी जाऊ नको म्हणता का?"

"मी कधी म्हटलं? जा ना. जा. मी आहे की."

हे "मी आहे की" ऐकून मी मुद्द्यांच्या कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी टेम्पोवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, काकांना हँडल मारू द्यायचं नाही. तो म्हणाला, "काकू, मी सांगतो, पण ते माझं ऐकतील व्हय? मला बघितलं की ते गाडीवर फडकं टाकतात." नणंदेला फोन केला. आमच्याकडे पाणी येणार की नाही हे पोलादपूरला आणि वर घाटात किती पडतो यावर असतं, म्हणून नणंद हीच आमची पहिली खबर. ती म्हणाली, "वहिनी, तू जा गो निवांत. ओढा लाल झाला की मी दादाला फोन करते." मी म्हटलं, "तुम्ही दादांना करा आणि मलाही करा." ती म्हणाली, "तू तिथनं काय करणार हायस?"

बॅग भरून झाली होती. बाळंतविडा, मेथीचे लाडू, शेकशेगडी, दुपटी. यादीतल्या सगळ्यांवर खूण झाली. मग मी खाली गेले, डिकी उघडली, हँडल बाहेर काढलं, जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि बॅगेत तळाशी ठेवलं. माझ्या एका हाताएवढं लांब, तिरकं घातलं तेव्हाच मावलं. फार विचार केला असं नाही. त्या क्षणी एवढंच वाटलं की यंदा हे माझ्याबरोबर आलं पाहिजे.

वरंध घाट पावसाळ्यात बंद असतो, म्हणून बस माणगाववरून ताम्हिणीने गेली. कंडक्टरने बॅग उचलून वर टाकताना विचारलं, "ताई, काय लोखंड भरलंय काय?" मी म्हटलं, "लाडू."

नात झाली. छान, काळ्याभोर केसांची. पहिले काही दिवस मी अंघोळ, शेक, दूध, दुपट्यांचं धुणं यांच्या क्रमात बसले आणि मला बरं वाटलं. यजमानांचा रोज फोन यायचा. पाऊस किती, भाजी काय, गाडी पुसली. हँडलचा विषय निघाला नाही, म्हणजे त्यांनी डिकी उघडली नव्हती.

एके दिवशी दुपारी मुलगी नुकतीच झोपली होती. आदल्या रात्रभर बाळाने तिला झोपू दिलं नव्हतं. बाळाला मी पायावर घेऊन बसले होते, भिंतीला टेकून. नणंदेचा फोन आला. "वहिनी, ओढा लाल झालाय. पुलाला लागतोय. दादाला सांगितलंय." तिने ठेवला आणि मी यजमानांचा नंबर लावायच्या आत त्यांचाच फोन आला.

"हँडल कुठे ठेवलंस?"

"सेल्फ मारून बघितलात?"

"नाही घेत. भोंगा झाला आत्ता. हँडल डिकीत नाही."

"माझ्याकडे आहे."

"माझ्याकडे म्हणजे कुठे?"

"पुण्यात. बॅगेत."

त्यांच्या मागून टेम्पोचा हॉर्न ऐकू येत होता आणि कोणीतरी ओरडत होतं, "काका, काय झालं? हलवा की!"

"तू मुद्दाम नेलंस," ते म्हणाले. विचारत नव्हते.

"हो. टेम्पोवाल्याला बोलवा. गाडी ढकलू द्या. तुम्ही स्टिअरिंगवर बसा आणि खाली उतरू नका. ऐकताय ना? खांदा लावायचा नाही."

फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला तर उचलला नाही. टेम्पोवाल्याला लावला, उचलला नाही. मग माझ्या फोनची बॅटरी संपली. चार्जर समोरच्या टेबलावर होता, चार पावलांवर. बाळ माझ्या पायांवर झोपलं होतं, एक मूठ माझ्या साडीच्या निऱ्यांत. हललं की ते रडणार, रडलं की मुलगी उठणार. मी बसून राहिले. चढ मला माहीत होता. गल्लीच्या तोंडाशी रस्त्याला लागताना मोठा उंचवटा आहे, तिथे चार माणसं लागतात. पाचवा कोण असेल ते मला दिसत होतं. पांढरा सदरा, बाह्या वर. गाडी उंचवट्यावर अडली की ते आत बसून राहणार नाहीत. मी पाय बधिर होईपर्यंत बसले. बाळाच्या श्वासाबरोबर त्याचं पोट वर-खाली होत होतं, त्याकडे बघत बसले, आणि दुसऱ्या एका छातीचा विचार करत होते.

शेवटी मुलीला जाग आली. तिने माझं तोंड बघितलं, काही न विचारता बाळ उचललं आणि मी फोन चार्जरला लावला. टेम्पोवाल्याने पहिल्या रिंगला उचलला.

"काकू, आलं सगळं वर. आम्ही हायवेवर हाव."

"काका?"

"काका मस्त. मला काय वाटतं, काका लई चिडलेत, पण मस्त."

"त्यांनी ढकललं का?"

"नाय हो, शपथ. उतरत होते उंचवट्याला, मी दार धरून ठेवलं बाहेरनं. बोललो, काका, उतरलात तर टेम्पो तुमच्या बंपरला लावतो मागनं. तसे बसले. राजासारखे बसले होते आत, आणि आम्ही आठ जण घामाघूम. लोक बोलत होते, कुणाची वरात चाललीय."

मी हसले. मुलगीही हसली, कारण फोन स्पीकरवर होता. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थोडा वेळ उभी राहिले.

त्या वेळी पाणी ओट्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आलं आणि उतरलं. यजमानांनी फोनवर तेवढंच सांगितलं. पुढचे दोन दिवस ते भाजीबद्दल बोलत होते, गाडीबद्दल नाही. मला वाटलं, बोलतील हळूहळू.

बारसं झालं, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी नणंदेचा फोन आला. बाळाचं विचारून झालं, मग ती म्हणाली, "आणि दादाने नवं हँडल करून घेतलं, ते कळलं ना तुला?"

"नवं?"

"अगो, वसाहतीच्या रस्त्यावरच्या लेथवाल्याकडनं. माझ्याकडे आला तेव्हा डिकीत दाखवलं मला. बोलला, आता तुझ्या वहिनीवर विसंबून राहायचं नाय."

ज्या माणसाने लाल काचेऐवजी महिनोन्‌महिने पुठ्ठा चालवून घेतला, त्याने लेथवर नवीन हँडल कातून घेतलं होतं. मी नव्या सेल्फसाठी किती विनवण्या केल्या होत्या. मूळ नसलेली एकच वस्तू त्यांनी गाडीत घेतली, आणि ती ही.

"ताई, ते पोलादपूरला गाडी घेऊन आले होते? या पावसात? गाडी सुरू कोणी केली?"

नणंदेला आता कळलं आपण काय बोलून बसलो. "टेम्पोवाल्याने केली असंल गो," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी बॅग काढली तेव्हा मुलगी दारात उभी राहिली. बाळ खांद्यावर होतं.

"सव्वा महिना म्हणाली होतीस."

"हो."

"अजून अर्धाही झाला नाही."

"तुझ्या सासूबाई येतात म्हणाल्या आहेत उद्यापासून. मी सगळं लिहून ठेवते. शेक किती, तेल कोणतं..."

"आई, मला यादी नको आहे," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने परत येऊन तिने माझ्या साड्यांच्या घड्या घालून दिल्या. टॉवेलातलं हँडल तिने स्वतः तळाशी ठेवलं, काही न बोलता, ते वजन दोन्ही हातांनी उचलून.

यजमान एसटी स्टँडवर छत्री घेऊन आले होते. तब्येत चांगली दिसत होती, हेच मला खुपलं. घरी चहा झाला. मग मी खाली गेले. गाडी गल्लीच्या तोंडाशी होती, पुसलेली, पाण्याच्या थेंबांखाली तिचा निळा रंग छान दिसत होता. डिकी उघडली. नवं हँडल काळ्या ऑइलमध्ये चमकत होतं, जुन्याहून थोडं जाड. मी जुनं त्याच्या शेजारी ठेवलं. यजमान मागे येऊन उभे राहिले.

"जुन्यापेक्षा याचं तोंड नीट बसतं," ते म्हणाले.

"हे मूळ नाही."

"नाही. मूळ तू घेऊन गेलीस."

"किती वेळा मारलंत?"

"रोज सकाळी एकदा. सवय राहावी म्हणून."

"आणि छातीत?"

"काही नाही," ते म्हणाले आणि बॉनेटवर नसलेला डाग अंगठ्याने पुसायला लागले.

मी दोन्ही हँडलं उचलून घरात नेऊ शकले असते. पण लेथवाला रस्त्यावरच आहे, आणि त्याच्याकडे आता माप आहे. मी डिकी बंद केली. ऑफिसात फोन करून उरलेली रजा रद्द करून घेतली. मुलीचा फोन आला, पोहोचलीस का म्हणून. पोहोचले म्हटलं. परत कधी येशील, असं तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती खालच्या आवाजाने. इंजिनाचा एक फेरा, मग शांतता. पुन्हा एक फेरा, मग लांब शांतता. पलंगाची दुसरी बाजू रिकामी होती. मी तशीच अनवाणी जिना उतरले. यजमान बंपरपाशी वाकून उभे होते, एक हात गुडघ्यावर, दुसरा नव्या हँडलवर. चेहरा घामाने ओला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सरका," मी म्हटलं.

ते सरकले. गाडीला वळसा घालून आत जाऊन बसले आणि चोक ओढला. मी पदर खोचला, हँडल धरलं आणि जोर लावला. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने पकडलं, हाताला ओळखीचा हिसका बसला आणि गल्लीभर धूर झाला.

मागच्या टेम्पोमधून आवाज आला, "काकू आल्या वाटतं!"